डिशवॉशर बिघडला, मेकॅनिक म्हणतो ‘नवीनच घ्या’: ऐकायचं का त्याचं?

रविवारची रात्र. पाहुणे जेवून गेलेत. भांडी लावून मशीन सुरू केलं आणि तासाभराने बघितलं तर तळाशी खरकटं पाणी तसंच तुंबलेलं, स्क्रीनवर कसलासा कोड लुकलुकतोय. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येतो, दार उघडतो, बटणं दाबून बघतो आणि पाच मिनिटांत निकाल देतो, “बोर्ड गेलाय. चौदा हजार होतील. त्यापेक्षा नवीनच घ्या, आता जीएसटीपण कमी झालाय.”

यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. पहिलं खरं आहे का, हे मात्र तुम्हाला ठाऊक नाही. चाळीस हजारांची वस्तू भंगारात जाणार की नाही, हे त्या पहिल्या वाक्यावर ठरतं. म्हणून आधी ते तपासायला शिकूया.

हा प्रश्न आत्ताच का आलाय?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये धुण्याभांड्याच्या मावशींना सोसायट्यांचं गेट बंद झालं आणि ज्या घरांनी आयुष्यात डिशवॉशरचा विचार केला नव्हता, त्यांनी तो घेतला. तेव्हा घेतलेल्या मशीनची वॉरंटी केव्हाच संपली. पाच वर्षांनंतर पंप, व्हॉल्व्ह, रबर कुरकुरायला लागतात, म्हणजे दुरुस्तीची वेळ आता आली आहे.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ३०,००० रुपये धरली तर आधी ३८,४०० मोजावे लागत होते, आता ३५,४०० लागतात. वाचले ३,००० रुपये, म्हणजे जुन्या किमतीच्या जेमतेम आठ टक्के. दुरुस्तीच्या मजुरीवर मात्र आधीही १८ टक्के होता, आताही तेवढाच आहे. तराजू नव्याकडे कललाय खरा, पण चालू होऊ शकणारं मशीन टाकून द्यावं इतका नाही.

बिघाड मशीनचा की पाण्याचा?

ग्लासवर पांढरट थर येतो, ताटं खरखरीत लागतात, भांडी कोरडी होत नाहीत. या तक्रारींत अनेकदा दोष मशीनचा नसतो, क्षारांच्या म्हणजे जड पाण्याचा असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. धरणाचं पाणी सहसा मऊ असतं. बोअरवेलचं आणि बोअरवरून भरलेल्या टँकरचं पाणी बऱ्याचदा जड असतं.

यासाठी बहुतेक डिशवॉशरच्या पोटात पाणी मऊ करणारा कप्पा असतो. त्यातले रेझिनचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि मीठ त्या मण्यांना पुन्हा ताजंतवानं करतं. हे मीठ डिशवॉशरचंच हवं. स्वयंपाकाच्या मिठातले इतर घटक आणि बारीक दाणे तो कप्पा बिघडवतात.

मीठ भरूनही थर येत असेल तर सेटिंग बघा. मशीनला पाण्याचा जडपणा सांगावा लागतो. माहितीपुस्तकात तो बऱ्याचदा जर्मन अंशांत असतो. एक अंश म्हणजे लिटरला साधारण १८ मिलीग्रॅम, म्हणजे ४०० मिलीग्रॅमचं पाणी सुमारे २२ अंशांचं झालं. वर्षभर महापालिकेचं पाणी आणि एप्रिल-मेमध्ये टँकर, अशी तुमच्या सोसायटीची तऱ्हा असेल तर उन्हाळ्यात हे सेटिंग वाढवा.

थर आलेल्या ग्लासवर लिंबू किंवा व्हिनेगर चोळा. थर निघाला तर तो क्षारांचा आहे, उपाय होईल. नाही निघाला तर काचच झिजली आहे, मग मशीन बदलूनही तो ग्लास पूर्वीसारखा होणार नाही.

फोन लावण्याआधीची पंधरा मिनिटं

आधी मशीनचा स्विच बंद करा, प्लग काढा. मग तक्रारीनुसार बघा.

*पाणी तुंबलंय:* तळाची जाळी फिरवून बाहेर काढा. मोहरी, कोथिंबिरीच्या काड्या, खोबऱ्याचा कीस, शेंगदाण्याचं कूट, लिंबाच्या बिया असा सगळा ऐवज तिथे सापडतो. जाळीखालचं पाणी काढून पंपाच्या तोंडाशी काही अडकलंय का ते बघा. काचेचा तुकडा असू शकतो, त्यामुळे थेट बोटं घालू नका. मग सांडपाण्याचा पाइप तपासा. मशीन मागे ढकलताना तो चिमटतो, आणि तळमजल्यावर उंदीर कुरतडतात.

*पाणीच भरत नाही:* नळ पूर्ण उघडा आहे ना? पाइप मशीनला किंवा नळाला जिथे जोडतो तिथे बारीक जाळी असते, तिच्यात गाळ साचतो. तेही ठीक असेल तर दाब बघा. अनेक मॉडेलना साधारण अर्धा बार दाब लागतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे एक बार, या हिशोबाने टाकी मशीनच्या किमान पाच मीटर वर हवी. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गच्चीतली टाकी तीन मीटरवरच असते. तिथे मशीन बदलून काही होणार नाही, प्रेशर पंप लावावा लागेल.

*भांडी नीट निघत नाहीत:* फवारे मारणारे पंखे काढा, त्यांची भोकं टूथपिकने मोकळी करा. उभं ठेवलेलं ताट किंवा लांब झारा पंख्याला अडतोय का, हाताने फिरवून बघा.

*मशीन पाणी न भरता नुसतंच उपसत राहतं:* अनेक मॉडेलमध्ये बुडाशी एक तबक आणि तरंगता स्विच असतो. गळतीचं पाणी तिथे साचलं की मशीन स्वतःला रोखतं. त्या वेळी मशीन तिरकं करून पाणी काढणं हा तात्पुरता इलाज आहे. गळती कुठून होतेय ते शोधावंच लागेल.

*फेसच फेस झालाय:* कोणीतरी भांडी घासायचं साधं लिक्विड घातलंय. ते डिशवॉशरमध्ये कधीच घालायचं नाही.

यापुढचं काम, म्हणजे हीटर, वायरिंग, बोर्ड, जाणकारावर सोडा. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या यंत्रात हौस नको.

मुळात बिघडू नये म्हणून

आठवड्यातून एकदा जाळी धुवा, महिन्यातून एकदा पंखे आणि दाराचं रबर पुसा. दर महिना-दोन महिन्यांनी डिशवॉशर क्लीनर किंवा सायट्रिक ॲसिड घालून मशीन रिकामं आणि गरम पाण्यावर चालवा. मीठ भरल्या भरल्या एक फेरी चालवा, नाहीतर सांडलेलं मीठ स्टीललाही गंजवतं. भांडी आधी धुऊन लावायची गरज नाही, पण खरकटं आणि तुपातेलाचा थर काढून टाका. मशीन साधारण दोन हजार वॅट खेचतं, त्यामुळे सोळा अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग हवंच. जिथे व्होल्टेज वरखाली होतं तिथे बोर्डाला धोका असतो.

ॲल्युमिनियमचे कुकर-पातेली, लोखंडी तवा, पितळ-तांबं, कल्हईची भांडी, पोळपाट-लाटणं आत घालू नका. ॲल्युमिनियम काळं पडेल, तवा गंजेल, कल्हई जाईल. प्लॅस्टिकच्या डब्यावरचे हळदीचे डाग राहिले, तर तो मशीनचा दोष नाही.

दुरुस्ती की नवं: हिशोब असा करा

‘नव्याच्या निम्म्याहून जास्त खर्च आला तर दुरुस्ती नको’ हा ठोकताळा बरा आहे, पण त्यात मशीनचं वय धरलेलं नाही. त्यापेक्षा वर्षाचा खर्च काढा.

समजा नवं मशीन ४०,००० ला मिळतं आणि दहा वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला ४,००० रुपये पडले. तुमचं मशीन सहा वर्षांचं आहे, पाणी उपसणारा पंप बदलायला ५,००० सांगितले आणि ते आणखी तीन वर्षं चालेल, तर वर्षाला सुमारे १,७०० पडतात. डोळे झाकून दुरुस्त करा. तेच मशीन नऊ वर्षांचं आहे, बोर्डाला १४,००० लागणार आणि दोन वर्षं चालेल अशी आशा, तर वर्षाला ७,००० झाले. इथे नवं घेणं शहाणपणाचं.

जाळी, रबर, पाणी घेणारा व्हॉल्व्ह, उपसा पंप हे तुलनेने स्वस्तातले भाग. बोर्ड आणि मुख्य पंप महाग. अनेक नव्या मॉडेलमध्ये हीटर मुख्य पंपातच असतो, त्यामुळे हीटर गेला की अख्खा जोड बदलावा लागतो. आतलं स्टीलचं भांडंच गंजून गळायला लागलं असेल, तर मात्र पैसे घालू नका.

आता सुरुवातीच्या मेकॅनिककडे परत येऊ. पाणी तुंबलं होतं आणि स्क्रीनवर कोड येत होता. बोर्ड पूर्ण गेला असता तर बहुधा स्क्रीनही पेटली नसती. पंपाला वीज देणारा बोर्डाचा एखादा भाग जळलेला असू शकतो, पण ते मीटर लावून मोजावं लागतं, नुसतं बघून कळत नाही. म्हणून त्याला तीन गोष्टी विचारा: कोडचा अर्थ काय? पंप तपासला का? पंपापर्यंत वीज येते का, मोजून दाखवता? उत्तर टाळलं तर व्हिजिटचे पैसे देऊन दुसरं मत घ्या. बोर्डच असला तरी रिले किंवा एखादा सुटा भाग बदलून देणारे कारागीर मोठ्या शहरांत सापडतात.

काम कोणीही केलं तरी खर्चाचा अंदाज लेखी घ्या, जुना भाग मागून घ्या, आणि नव्या भागावर किती महिन्यांची हमी आहे ते बिलावर लिहून घ्या.

सुटा भागच मिळत नसेल तर?

खरी मेख इथे आहे. ‘हे मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही’ या वाक्यापुढे ग्राहकाचं काही चालत नाही. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून डिशवॉशरसाठी वेगळे नियम आहेत. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर मोटर, पंप, हीटर, बोर्ड यांसारखे भाग किमान सात वर्षं, तर रबर, पंखे, जाळ्या असे भाग दहा वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. फ्रान्समध्ये २०२२ पासून दुरुस्त करायला मशीन किती सोपं आहे, याचे गुण डिशवॉशर विकताना दाखवावे लागतात.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. त्यावर कंपन्यांची सेवा केंद्रं, वॉरंटी, सुटे भाग यांची माहिती एकत्र करायची कल्पना आहे. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा अहवाल दिला, पण त्यात सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून आहे. माहिती देणं आणि भाग ठेवायला भाग पाडणं यात फरक आहे. तो फरक मिटेपर्यंत नवं मशीन घेतानाच विचारून ठेवा: सुटे भाग किती वर्षं मिळतील आणि माझ्या गावात सेवा केंद्र आहे का?

वॉरंटीत टाळाटाळ झाली, पैसे घेऊन काम झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. तिथे सुटलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला शुल्कही नाही.

आणि कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये वर दिसला म्हणून लावू नका. तिथे बनावट नंबर पेरलेले असतात. माहितीपुस्तकातला किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचाच नंबर लावा. ओटीपी किंवा स्क्रीन शेअर मागितला की फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३०.

शेवटी मशीन टाकायचं ठरलं, तर ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राला द्या किंवा नव्यावर एक्स्चेंज मागा. पण त्याआधी एकदा जाळी काढून बघा. मशीन बंद पडलं की भांड्यांचा ढीग बहुतेक घरांत एकाच बाईच्या वाट्याला येतो, आणि कधी कधी तो ढीग अडवून बसलेली असते ती फक्त एक लिंबाची बी.