अळणी रुचीच्या बाजूने

उन्हाळ्यात घरच्या घरी नेंगम्यॉन करण्याचा उद्योग आम्ही गेली दोन वर्षे करीत आहोत. कोरियन भाषेत 'नेंग' म्हणजे थंड आणि 'म्यॉन' म्हणजे शेवया. कुट्टूच्या पिठाच्या करड्या शेवया, बर्फाचे कण तरंगणारा पातळ रस, वर काकडी, नासपतीचे काप आणि अर्धे उकडलेले अंडे, एवढाच या पदार्थाचा संसार. तो करता करता आमच्या समीक्षेच्या भाषेतील एक उणीव आमच्या ध्यानात आली. प्रस्तुत टिपण त्या उणिवेविषयी आहे.

आज सोलमध्ये उन्हाळा आणि नेंगम्यॉन यांची जोडी पक्की झाली आहे. मुळात मात्र हा उत्तर कोरियाकडील प्रदेशाचा हिवाळी पदार्थ. होंग सोक-मो यांनी 1849 मध्ये सिद्ध केलेल्या, वर्षभराच्या चालीरीती सांगणाऱ्या ग्रंथात तो चांद्र वर्षाच्या अकराव्या महिन्यात येतो. कारण उघड आहे. कुट्टूचे पीक शरदात हाती येते आणि मुळ्याची तोंगचिमी, म्हणजे मिठाच्या पाण्यात आंबवलेले लोणचे, थंडीतच मुरते. खालून तापवलेल्या जमिनीवर बसून गारठलेला रस प्यायचा, अशी ही रीत होती. पुढे विसाव्या शतकात बर्फ सहज मिळू लागला आणि 1950 ते 1953 च्या युद्धात उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांनी हा पदार्थ दक्षिणेत रुजवला. ऋतू बदलला, गाव सुटले, पदार्थ टिकला.

बेक सॉक (1912–1996) हा त्याच उत्तरेचा कवी. त्याची 'कुक्सू', म्हणजे 'शेवया', ही कविता 1941 मधील. तीत बर्फ आहे, गाव आहे, पिढ्यापिढ्यांची आठवण आहे. आणि हे जे येते आहे ते काय, असा प्रश्न कवी पुनःपुन्हा विचारतो. फाळणीनंतर तो उत्तरेतच राहिला, म्हणून दक्षिण कोरियात 1980 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याचे साहित्य निषिद्ध होते. ज्या लोकांची ही चव होती त्यांतील हजारो निर्वासित दक्षिणेत होते, आणि त्या चवीची कविता मात्र त्यांना उघडपणे वाचता येत नव्हती.

आता आमच्या स्वयंपाकघराकडे वळू. कुट्टूला गव्हासारखा चिवटपणा नाही. त्यामुळे पीठ लाटून, कापून भागत नाही. कोरियात ते लाकडी साच्यातून थेट उकळत्या पाण्यात दाबून पाडीत. आमच्याकडे सोऱ्या होता. पहिल्या खेपेस निव्वळ कुट्टू घेतला आणि पातेल्यात चुरा झाला. दुसऱ्या खेपेस सात भाग कुट्टू व तीन भाग बटाट्याचे सत्त्व घेऊन पीठ गरम पाण्यात मळले, तेव्हा शेवया उतरल्या. त्या मिनिटभरात शिजतात. लगेच गार पाण्यात चोळून चोळून धुवाव्या लागतात, नाहीतर पिठूळ चिकटा राहतो. रस पूर्वी रानपक्ष्याचा किंवा गोमांसाचा असे. आम्ही कोंबडीचा केला. 'रानकोंबडा नाही तर कोंबडी' अशा अर्थाची म्हण कोरियनमध्ये आहेच. आपण दुधाची तहान ताकावर भागवतो. त्या रसावरची चरबी काढून त्यात तोंगचिमीचे पाणी मिसळले आणि कडेने बर्फ धरेपर्यंत तो गोठवला.

पहिला घोट घेताच आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे तर पाणीच! लगेच लिंबू पिळले, मिरची घातली आणि सारे ओळखीचे झाले. म्हणजेच बिघडले. मोहरी आणि व्हिनेगर तेथेही घालतात. परंतु आधी नुसता रस चाखावा, असे जाणकार सांगतात. पुढच्या वेळी आम्ही तसे केले. तिसऱ्या-चौथ्या घोटाला तासभर उकळलेले हाड, मुळ्याचा मंद आंबटपणा आणि कुट्टूचा मातकट वास एकेक करून पुढे आले.

या चवीला कोरियनमध्ये एक लाडका शब्द आहे: 'सुमसुम' असा काहीसा त्याचा उच्चार. बेक सॉकच्या कवितेतही तो आहे, आणि तो स्तुतीचा आहे. गंमत अशी की त्याच्या प्रमाणभाषेतील रूपासारखाच उच्चार असलेल्या शब्दाचा अर्थ 'कंटाळा येणे' असाही होतो. मराठीत आम्ही शोधू लागलो तेव्हा हाती लागले ते अळणी, सपक, फिके, मिळमिळीत. सारी दूषणे. उलट आमची परीक्षणे चाळा: कथा खुसखुशीत, लेख चुरचुरीत, नाटक झणझणीत, भाषा खमंग. आमची वाङ्मयीन रुची फोडणीच्या शब्दांवर पोसली आहे, आणि ज्याला शब्द नाही ते वाचताना दिसतही नाही, असे आमचे मत आहे.

'संयत' हा शब्द आहे की, असे कोणी म्हणेल. आहे, पण तो लेखकाच्या वर्तनाचे कौतुक करतो, जिभेला काय लागले ते सांगत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुष्कळदा सपक ते खरोखरच सपक असते. मान्य. म्हणूनच कसोटी हवी. नुसते पाणी आणि गाळून निवळ केलेला रस दिसायला सारखेच. फरक तिसऱ्या घोटाला कळतो. पहिल्या वाचनावर निकाल देणाऱ्या परीक्षणाला तो कळणे शक्य नाही.

अध्यापक मित्रांना आमची एक सूचना आहे. एखादी शांत कथा वर्गात दोनदा वाचून घ्यावी आणि मसाल्याचा एकही शब्द न वापरता तिची चव लिहायला सांगावी. विद्यार्थी अडखळतील. आम्हीही अडखळलो. त्या अडखळण्यातून 'सुमसुम'ला शोभेल असा एखादा मराठी शब्द निघाला, तर तो आम्हांला जरूर कळवावा.