खाते आहे, पण आढळत नाही

ज्या बँकेत आपले खाते वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत आले आणि जिच्या पासबुकावर शिल्लक स्वच्छ छापलेली आहे, त्याच बँकेचे नाव यूपीआयच्या यादीतून निवडताच 'या मोबाइल क्रमांकाशी संलग्न खाते आढळले नाही' असे उत्तर यावे, आणि शाखेत चौकशी करता 'आमच्याकडून सर्व ठीक आहे, ॲपवाल्यांना विचारा' असा सल्ला मिळावा, हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की त्याविषयी फारसे कोणी तक्रारही करीत नाही. वस्तुतः ती करावयास हवी, आणि बहुतेक वेळा ती बँकेकडेच करावयास हवी.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने 2016 साली ही व्यवस्था अमलात आणली, तेव्हा खातेदाराची ओळख पटविण्याचे काम स्वाक्षरीकडून सिमकार्डाकडे गेले. ॲप आपल्या फोनवरून एक सांकेतिक एसएमएस परस्पर धाडते आणि तो ज्या क्रमांकावरून गेला तोच बँकेच्या दप्तरी असेल तरच खाते सापडते. दोन सिमांपैकी भलतेच निवडले गेले किंवा रिचार्ज संपल्यामुळे एसएमएसच गेला नाही, तर दोष आपला; तो मिनिटभरात दूर होतो.

अवघड दुखणे दप्तरातले आहे. 2014 साली जनधन खात्यांची शिबिरे भरली, त्यांत ज्यांच्याजवळ फोन नव्हता त्यांच्या अर्जावर मुलाचा, पुतण्याचा, क्वचित शेजाऱ्याचा क्रमांक घातला गेला. पुढे मुलगा पुण्यास गेला, त्याने सिम बदलले, जुना क्रमांक बंद पडून काही महिन्यांनी तिसऱ्याच इसमास मिळाला, तरी बँकेच्या नोंदीत तो अद्याप आईच्या नावापुढे सुखेनैव नांदतो आहे. त्या माउलीने डेबिट कार्ड कधी घेतलेले नसते, म्हणून आधारच्या ओटीपीने पिन ठरवावा म्हटले तर आधारलाही तोच जुना क्रमांक चिकटलेला. खाते दोघांच्या सहीने चालणारे असेल तर यूपीआय मिळतच नाही, आणि दोन वर्षे त्यात व्यवहार झाला नसेल तर ते निष्क्रिय ठरते. पण ही कारणे खिडकीवर आपण होऊन कोण सांगतो?

पाठविलेली रक्कम खात्यातून वजा झाली आणि समोरच्यास पोहोचली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत न केल्यास रोजचे 100 रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने 2019 साली ठरवून दिले. खाते जोडलेच गेले नाही तर रक्कम कोठेच अडकत नाही, म्हणून अशा भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि अडलेला माणूस मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधू लागतो, जेथे भामटे स्वतःचे क्रमांक बँकेच्या नावाने मांडून बसलेले असतात. खाते का आढळले नाही हे बँकेच्या यंत्रणेस ठाऊक असते. ते खातेदारास मराठीत, एका ओळीत कळविणे तिला बंधनकारक करावे, आणि क्रमांकबदलाच्या अर्जावर तो कधी अमलात येईल ती तारीख लिहून द्यावी, एवढीच मागणी आहे.

तोवर अर्जाची दुसरी प्रत शिक्का मारून घेतल्याखेरीज खिडकी सोडू नये. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवस उत्तर आले नाही तर पुढे दाद मागता येते, आणि तेथे अर्ज केव्हा दिला याचा पुरावा तो शिक्काच ठरतो.