चिमणराव पुन्हा दिवाणखान्यात

मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव’ लागला, की टीव्ही असलेल्या घरात अख्खी चाळ जमायची. दिलीप प्रभावळकरांचा भित्रा, तरी ऐट न सोडणारा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आजही हसवतात. पण चिमणरावाच्या बायकोचं, काऊचं काय? तिच्या वाट्याला किती विनोद आले?

या अंकात आम्ही ती मालिका आजच्या नजरेनं पाहिली आहे. गंमत म्हणजे मूळ कथांमधला चिं. वि. जोशी यांचा चिमणराव १९३०च्या दशकातला. म्हणजे सत्तरच्या दशकात मालिका पाहणारा प्रेक्षकही जुन्याच संसाराकडे मागे वळून पाहत होता. विनोदाचा रोख बायकोपेक्षा खुद्द चिमणरावावर अधिक, म्हणूनच तो फारसा शिळा झाला नाही, असं आम्हाला वाटतं. संपादक मंडळात यावर एकमत नाही! तुमचं मत जरूर कळवा.