बैठकीच्या खोलीतील बाजार आणि विक्रेतीचा आचार

गेल्या तीस वर्षांत मध्यमवर्गीय वस्त्यांतून एक निराळाच बाजार उभा राहिला आहे. त्याला गाळा नाही, पाटी नाही. एखाद्या गृहिणीच्या बैठकीच्या खोलीत दुपारच्या वेळी दहाबारा ओळखीच्या स्त्रिया जमतात, चहाफराळ होतो, एखादा खेळ होऊन बक्षिसादाखल छोटीशी डबी दिली जाते, आणि मग डबे, प्रसाधने, साबण, शक्तिवर्धक भुकट्या यांचे प्रात्यक्षिक दाखवून मागणी नोंदवली जाते. टपरवेअर कंपनीने १९९६ साली ही पद्धत घेऊन भारतात प्रवेश केला. थेट विक्री करणाऱ्या इतर परदेशी कंपन्याही त्याच दशकात इथे उतरल्या. माल विकणाऱ्या बाईला या धंद्यात विक्रेती म्हणत नाहीत, 'सल्लागार' म्हणतात.

या स्त्रियांकडे पाहण्याची आपल्यातील अनेक कॉम्रेडांची दृष्टी उपहासाची असते. 'कंपनीची दलाल' एवढे म्हटले की विषय संपला, असे त्यांना वाटते. ही दृष्टी चुकीची आहे. महागाईने पिचलेल्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या, कंत्राटी कामगाराच्या घरातील स्त्रीला नोकरी मिळत नाही, लहान मूल टाकून घराबाहेर पडता येत नाही. अशा वेळी चार पैसे मिळवण्याचा जो मार्ग दिसतो, तो ती धरते. इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, आपल्या सभासदांच्या घरांतही अशा स्त्रिया आहेत. म्हणून त्यांनी हा व्यवसाय कोणत्या रीतीने करावा, हा प्रश्न आपण गंभीरपणे घेतला पाहिजे.

या बाजारात खरोखर विकले जाते ते काय? डबा तर विकला जातोच. परंतु त्याच्या आधी विकली जाते ती भीड. दुकानात वस्तू हातात घेऊन, भाव ऐकून, ती खाली ठेवून ग्राहक निघून जाऊ शकतो. दुकानदाराला त्याचे काही वाटत नाही. इथे मात्र शेजारणीचा चहा घेतलेला असतो. एकूण विक्री किती झाली आणि पुढचा मेळावा आपल्या घरी ठेवायला कितीजणी तयार झाल्या, यावर यजमानीणबाईंची भेटवस्तू ठरते, हे सर्वांना ठाऊक असते. 'तिला वाईट वाटेल' म्हणून घरात नको असलेला डबा घेतला जातो. भिशीत घातलेला पैसा पाळीपाळीने परत येतो. हळदीकुंकवाला वाण लुटणारी स्वतःच्या पदरचा खर्च करते. त्या रिवाजांत सारे आलबेल असते असे नव्हे, पण त्यांचा हिशेब बायकांच्या आपापसातच राहतो. विक्रीमेळाव्यात नाते तेच, खोली तीच, हिशेब मात्र दूरच्या कचेरीत मांडलेला असतो.

ही युक्ती अमेरिकेत घडली. तिथल्या दुकानांत टपरचे डबे खपत नव्हते, कारण त्याचे झाकण कसे दाबून बसवायचे हे कोणीतरी दाखवावे लागे. ब्राउनी वाइज या स्त्रीने घरगुती मेळाव्यांतून तो माल खपवून दाखवला. १९५१ साली कंपनीने तिला उपाध्यक्ष केले आणि माल दुकानांतून काढून घेतला. १९५४ साली एका प्रतिष्ठित व्यापारी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे चित्र झळकले. १९५८ साली तिला काढून टाकण्यात आले, आणि त्याच वर्षी मालकाने कंपनी विकली. जिने हजारो गृहिणींचे जाळे विणले, तिच्या नावावर त्या कंपनीचा एकही भाग नव्हता.

आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम जारी केले. ते प्रत्येक विक्रेतीने वाचावेत असे आहेत. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय तिने ग्राहकाच्या घरी जाता कामा नये. बोलणे सुरू करतानाच आपण कोण, कोणत्या कंपनीचा माल, आणि आपला हेतू काय, हे तिने स्पष्ट सांगितले पाहिजे. किंमत, माल परत करण्याच्या अटी, हमी, पैसे परत मिळण्याची रीत हे सारे तिने सांगायचे आहे. कंपनीने ज्याला मान्यता दिलेली नाही असा कोणताही दावा तिने करायचा नाही.

यातील हेतू सांगण्याचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते केवळ अक्षराने पाळून भागणार नाही. 'सहज या, गप्पा मारू' असे निमंत्रण देऊन खोलीत मालाच्या पिशव्या उघडणे ही फसवणूकच आहे, मग नंतर कितीही खरे बोलले तरी. विक्री आहे हे निमंत्रणातच सांगावे. काही न घेता उठणाऱ्या बाईला तितक्याच आपुलकीने निरोप द्यावा, आणि कोणी किती घेतले हे चारचौघींत मोठ्याने वाचून दाखवू नये. उधारीवर माल गळ्यात मारणे तर सर्वस्वी टाळावे. मैत्रिणीकडे पैशासाठी तगादा लावावा लागला की पैसाही जातो आणि मैत्रीही.

शक्तिवर्धक भुकट्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. 'माझ्या सासूबाईंची साखर याने उतरली' हे वाक्य सहज तोंडून जाते. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि त्या कायद्यात तोंडी केलेली घोषणाही जाहिरातीत मोडते. डॉक्टरची गोळी बंद करून कोणी भुकटीवर विसंबले तर परिणाम काय होईल, हे 'सल्लागार' म्हणवणारीने ओळखायला नको काय?

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे माल बाजूला पडून माणसेच गोळा करण्याचा उद्योग. नव्या सभासदाच्या पैशातून जुन्याला कमाई देणाऱ्या साखळ्यांवर १९७८ च्या कायद्याने बंदी घातली, २०२१ च्या नियमांनीही घातली. 'आणखी चारजणी आण, तुझा डबा फुकटात पडेल' असे सांगून विकणेही या नियमांना मान्य नाही. मैत्रिणीला या कामात बोलवायचेच असेल, तर प्रवासभाडे, चहापाणी, पडून राहिलेला माल वजा जाता महिन्याला हातात उरले किती, तो आकडा प्रामाणिकपणे सांगावा. सोनेरी पट्टीच्या मंचावरील वक्त्याचा आकडा सांगू नये.

परंतु हा आचार कोणाच्या खांद्यावर टाकला आहे तेही पाहिले पाहिजे. त्याच नियमांत विक्रेतीची व्याख्या आहे ती कंपनीशी बरोबरीच्या नात्याने करार करणारी स्वतंत्र व्यापारी अशी. म्हणजे एका बाजूस जगभर पसरलेले भांडवल आणि दुसऱ्या बाजूस डोंबिवलीच्या चाळीतील गृहिणी, आणि कायद्याच्या कागदावर दोघेही समान! औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींनी संघटनेच्या बळावर १९७६ साली आपल्या सेवाशर्तींचा कायदा मिळवला. २०११ मध्ये प्रसाधने आणि साबणांच्या धंद्यातील प्रतिनिधीही त्यात आले. पगारी प्रतिनिधी साबण खपवतो तेव्हा तो कर्मचारी ठरतो. तोच साबण बैठकीच्या खोलीत खपवणारी स्त्री मात्र कर्मचारी नाही. तिला रजा नाही, आजारपणाचा आधार नाही, बाळंतपणाची सवलत नाही. आणि कमिशनचा पुढचा टप्पा गाठायला दोन हजारांची विक्री कमी पडते तेव्हा, महिनाअखेरीस, तिच्या सदाचाराची खरी कसोटी लागते. ती बहुधा स्वतःच्याच पैशाने माल घेऊन माळ्यावर टाकते.

म्हणून महिला आघाडीच्या शाखांनी आपापल्या वस्तीतील अशा स्त्रियांना हेटाळणी न करता एकत्र बोलवावे आणि हे नियम त्यांच्यासमोर मराठीत वाचावेत, विशेषतः कंपनीवर बंधन घालणारा भाग. नाव नोंदवण्यासाठी कंपनीला शुल्क घेता येत नाही. प्रात्यक्षिकाच्या साहित्याची किंमत विक्रेतीकडून वसूल करता येत नाही. विक्रेतीने केलेल्या विक्रीतून उद्भवणाऱ्या तक्रारीची जबाबदारी कंपनी झटकू शकत नाही. तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत द्यायची आहे आणि निवारण साधारणपणे महिन्याभरात करायचे आहे. राज्य सरकारांनी देखरेखीची यंत्रणा उभारायची आहे. ती आपल्या राज्यात कुठे बसते आणि तिच्याकडे आजवर किती तक्रारी गेल्या, हे प्रत्येक जिल्हा समितीने लेखी विचारावे.