अंदाजाने औषध पाजणे आता बंद करा!
मालवण तालुक्यातल्या शेळीपालक आणि गुरेवाल्या बंधू-भगिनींना जाहीर आवाहन

गेल्या पंधरवड्यात मसुऱ्याकडच्या एका वाडीत एकाच घरच्या निम्म्या शेळ्या दगावल्या. घरात मावशी एकट्या, मुलगा मुंबईला. त्यांनी हयगय केली असे कोणी म्हणू नये. पावसाळा लागल्यापासून तीन वेळा जंताचे औषध पाजले होते आणि तिन्ही वेळा दुकानदाराने ‘ह्या नवीन इला हा’ म्हणून वेगळी बाटली दिली होती. आमच्या मंडळाची माणसे गेली तेव्हा पडवीत त्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. लेबले वाचली. दोन फेनबेंडॅझोलच्या, एक अल्बेंडॅझोलची. कंपनी वेगळी, रंग वेगळा, किंमत वेगळी, पण औषधांचा गट एकच. पहिल्या बाटलीला ज्या जंतांनी दाद दिली नाही, ते उरलेल्या दोन बाटल्यांना काय दाद देणार? उरलेल्या शेळ्यांची खालची पापणी उलटून पाहिली तर आत लालीचा मागमूस नव्हता. एकीच्या जबड्याखाली पाणी उतरले होते. बोटाने दाबले की खळगा तसाच राहायचा. त्यात कोणीतरी इंजेक्शनवाला येऊन अँटिबायोटिक टोचून, पैसे घेऊन गेला होता. रक्त पिणाऱ्या जंताला अँटिबायोटिक!

आणि वाडीतले चार शहाणे म्हणत होते, ‘यंदा वातावरणच खराब.’

वातावरण खराब नाही. आपली रीत खराब आहे, आणि ती एका घरापुरती नाही. आचरा, पोईप, कट्टा, चौके, पेंडूर, कुठल्याही वाडीत जा. पडवीच्या फळीवर अर्धी उरलेली जंतनाशकाची बाटली आणि त्यावरच्या माडाच्या झावळीत खोचलेली सिरिंज दिसेल. डोस किती? ‘एक झाकण.’ शेळी दहा किलोची असो की पस्तीस किलोची, एक झाकण.

ज्याने आपल्या शेळ्या मारल्या तो जंत कोण ते नीट समजून घ्या. हीमॉन्कस नावाचा हा गोलकृमी शेळीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त खातो. ऐकायला काहीच नाही. पण पोटात हजार जंत असले तर रोजचे 50 मिलिलिटर झाले, आणि पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असते जेमतेम पावणेदोन लिटर. मादी दिवसाला पाच हजारांच्या वर अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात आणि आपल्याकडच्या उबदार, ओल्या हवेत आठवडाभरात त्यातली अळी गवताच्या पात्यावर चढून बसते. सकाळी दव असेपर्यंत ती पात्याच्या वरच्या भागात असते. आपण शेळ्या सोडतो कधी? उजाडता उजाडता.

पूर्वी हे खपून जायचे. शेळी सड्यावर मोकळी फिरायची, करवंद, कुडा, झुडपांचा पाला ओरबाडायची, गवताला फारसे तोंड लावायची नाही. आता सड्यावर कलमांच्या बागा झाल्या, चारी बाजूंनी चिऱ्याचे गडगे आणि तारा आल्या. शेळी खुंट्याला किंवा घरामागच्या चार गुंठ्यांत फिरते आणि जिथे लेंड्या टाकते तिथलेच गवत खाते. म्हणून जंत वाढले, म्हणून बाटल्या वाढल्या, आणि बाटल्या वाढल्या म्हणून आता बाटलीचा उपयोग संपत चालला आहे. ‘आमच्या आज्यान कधी जंताचा औषध पाजल्यान नाय, तरी ढोरां जगली’ असे सभेत उठून सांगणाऱ्यांनी आज्याचा सडा परत आणून दाखवावा, मग बोलू.

औषधाला दाद न देणारे जंत तयार होतात कसे? शंभरातले पंचाण्णव मेले, पाच उरले, तर पुढची सगळी पिलावळ त्या पाचांची. डोस कमी पडला की उरणारे जास्त. आणि शेळीच्या बाबतीत डोस कमी पडतोच, कारण मेंढीपेक्षा शेळीचे यकृत ही औषधे लवकर निकालात काढते. मेंढीचा डोस शेळीला पुरत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? हा प्रकार जगात नवा नाही. थायाबेंडॅझोल हे या गटातले पहिले औषध 1961 मध्ये बाजारात आले आणि 1964 मध्येच त्याला न जुमानणारे जंत सापडले. आयव्हरमेक्टिन 1981 मध्ये जनावरांसाठी आले. ज्या शोधातून ते आले त्याला 2015 मध्ये नोबेल मिळाले. पण आल्यापासून काही वर्षांतच दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांमधले जंत त्यालाही पुरून उरले. तिकडे काही मेंढपाळांना कळप विकून धंदा बंद करावा लागला. आपल्याकडे नवीन औषधे येणार आहेत या भरवशावर कोणी राहू नये. शेळीसाठी हाताशी असलेले मुख्य गट मोजून तीन: अल्बेंडॅझोल-फेनबेंडॅझोलचा, लेव्हामिसोलचा, आयव्हरमेक्टिनचा. पहिला आपण जवळजवळ उधळलाच आहे.

गोचिडीचेही तेच. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन पाण्यात कमी-जास्त मिसळून फडक्याने पुसायचे आणि गोचीड मरत नाही म्हणून बोंबलायचे. मरणार कशी? एक मादी खाली पडून दोन-तीन हजार अंडी घालते, आणि ती पडते कुठे तर गोठ्याच्या चिऱ्यांच्या फटीत. आपण गाय धुतो, भिंत तशीच. संकरित गाईला गोचिडीमुळे थायलेरिया होऊन ताप चढतो, गाठी सुजतात, मग इंजेक्शनवाला पुन्हा हजर. या जिल्ह्याने तरी गोचिडीला हसू नये. 2016 मध्ये दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी बांद्याकडे गोचिडीतून येणाऱ्या माकडतापाने माणसे मेली, काजूच्या बागेत पातेरा गोळा करायला जाणारी आपलीच माणसे. ती रानातली गोचीड वेगळ्या जातीची, हे खरे. पण मोठी झाली की ती रानात चरणाऱ्या गुरांचेच रक्त पिऊन पोसते.

आता विषाणूंकडे येतो, कारण तिथे तर आपण वेडेपणाची हद्द केली आहे. लम्पी, लाळ्या खुरकूत, शेळ्यांचा पीपीआर हे तिन्ही विषाणूजन्य. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. जखमेत नंतर दुसरे जंतू शिरले तर कोणते द्यायचे, किती दिवस, हे डॉक्टर ठरवील. पण 2022 मध्ये जळगावातून लम्पी राज्यभर पसरली तेव्हा काय झाले? लस फुकट होती, मेलेल्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार रुपये सरकार देत होते, आणि तरी आपल्यातले काही जण ‘लशीन गाय आटता’ म्हणून जनावर परड्यात लपवत होते आणि दुकानातून ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या बाटल्या उचलत होते. त्या वेळी वाडी-वाडीत फिरून गुरे दाव्याला धरून ठेवायला कोण होते? आमची पोरे होती. कोणाचे मानधन नाही, कोणाचा फोटो नाही. हे आम्ही एकदा तरी बोलून दाखवणारच.

लशीवर विश्वास नसणाऱ्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना बुळकांडी विचारावी. गावेच्या गावे जनावरांविना करणारा तो रोग लसीकरणाने जगातूनच गेला, तसे 2011 मध्ये जाहीर झाले. औषधाने नव्हे, लशीने. पीपीआर त्याच कुळातला आहे. त्याची लस शेळीला एकदा टोचली की साधारण तीन वर्षे पुरते, आणि तरीही आपण ती टाळतो आणि मग पाण्यासारखी हगवण लागलेल्या शेळीला एनरोफ्लॉक्सॅसिन टोचतो. लाळ्या खुरकूतची लस राष्ट्रीय कार्यक्रमात 2019 पासून फुकट आहे, दर सहा महिन्यांनी. कानात बिल्ला मारतात म्हणून पळवून नेऊ नका, बिल्ल्याने कोणी गाय जप्त करत नाही.

आणि हे सगळे गोठ्यात संपत नाही. जिवाणूंनी औषधांना दाद न दिल्यामुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे मेली. त्याच वर्षी आपल्या सरकारने कॉलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवायचे औषध कोंबड्यांना आणि गुरांना द्यायला बंदी घातली, कारण ते कोंबडीच्या खाद्यात सर्रास जात होते. तारकर्ली-देवबागच्या हॉटेलांना आपण दूध घालतो, बोकड देतो. कायदा सांगतो की औषधाच्या बाटलीवर दूध व मांस किती दिवस वापरायचे नाही ते छापलेले असले पाहिजे. ती मुदत ठरलेली नसेल तर दुधाला किमान सात दिवस आणि मटणाला किमान अठ्ठावीस दिवस. मंगळवारी टोचले आणि बुधवारी दूध रतिबाला घातले, असे करणारे आपल्यातच आहेत. घरातल्या नातवालाही तेच दूध जाते.

‘डॉक्टर येयसर शेळी मरान जाता,’ हा आक्षेप मात्र खोटा नाही. पशुवैद्यकांच्या जागा रिकाम्या राहतात, एका डॉक्टरकडे अनेक गावे असतात, पावसात रस्ते बंद पडतात. त्यासाठी आम्ही पंचायत समितीकडे निवेदन देणार आहोत आणि त्यावर तुमच्या सह्या हव्यात. पण डॉक्टर नाही म्हणून दुकानदार डॉक्टर होत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा 1984 चा कायदा आहे. नोंदणी नसलेल्याने उपचार करणे बेकायदा आहे. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे, तो आधी लावून बघा. लावल्याशिवाय ‘लागत नाही’ म्हणू नका.

चतुर्थी आटोपली की भात कापायच्या आत ही कामे झाली पाहिजेत. कापणी झाली की सगळ्या वाडीची गुरे मळ्यात मोकाट मिसळतात, मग एकाचा जंत सगळ्यांचा होतो.

सर्व शेळ्यांना एकदम औषध पाजणे थांबवा. दर पंधरा दिवसांनी खालची पापणी उलटून पाहा. लाल-गुलाबी असेल तिला काही देऊ नका, फिकट पडली तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या. काही शेळ्यांत औषध न पाहिलेले जंत राहू द्यायचे असतात. त्यांच्या पिलावळीत औषधाला दाद न देणारे विरून जातात. हे ऐकून हसणारे हसोत, जगभर हेच करतात.

वजन काढायला शिका. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. घेर 28 आणि लांबी 24 असेल तर शेळी साडेअठ्ठावीस किलोची. त्यावर डोस. गाभण शेळीला, विशेषतः पहिल्या महिन्यात, अल्बेंडॅझोल पाजू नका, पिल्लू व्यंग घेऊन येते.

बाजारातून आणलेली शेळी थेट कळपात सोडू नका. तीन आठवडे वेगळी बांधा आणि लेंड्या तपासून घ्या. कोंकण कन्याळ ही आपल्या जिल्ह्याची जात. बाहेरून स्वस्तातला बोकड आणून त्याच्याबरोबर बाहेरचे जंत आणायची हौस कशाला? दव सुकल्यावरच सोडा. शेतातले ताजे हिरवे गवत आणि ओला पेंढा गुरांना घालू नका. पाण्यातल्या गोगलगायींतून यकृतकृमी येतो तो याच वाटेने. गोठ्याच्या फटी बुजवा, चुना मारा, वाळका कचरा जाळा. औषधाच्या बाटलीचे बिल मागा आणि जपून ठेवा, बिल देत नाही तो दुकानदार आपला नाही. बाटली बदलली म्हणून औषध बदलले असे समजू नका. लेबलावरचे बारीक अक्षर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या.

लस चुकवणाऱ्याला आमच्या मंडळाच्या चाऱ्यात वाटा मिळणार नाही, हे कालच्या बैठकीत ठरले. कडक वाटले तर वाटो.

पुढच्या रविवारी प्रत्येक वाडीतून लेंड्यांचे नमुने गोळा करायचे आहेत. औषध पाजायच्या आधी एक आणि पाजल्यावर दहा ते चौदा दिवसांनी दुसरा. दोन्हींतली अंडी मोजली की औषध चालते की नाही हे कळते. अंडी पंचाण्णव टक्क्यांपेक्षा कमी घटली तर ते औषध त्या वाडीत संपले, असे धरायचे. जमिनीवर पडलेल्या लेंड्या चालणार नाहीत, थेट शेळीच्या गुदद्वारातून घ्या, साधारण दहा ग्रॅम. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा, थंड ठेवा, पण बर्फात गोठवू नका. पिशवीवर शेळीची खूण, वाडीचे नाव आणि शेवटचे औषध कोणते व कधी पाजले ते लिहा. सकाळी दहाच्या आत आमच्याकडे आणा. उशिरा आलेल्या पिशव्या घेणार नाही.