मित्रदेश म्हणजे नेमकं कोण?

अमेरिकेने कुठल्या देशातलं आपलं सैन्य कमी करायचं म्हटलं की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेला मथळा असतो, 'मित्रदेशांत चिंता'. आणि तळ हलवा म्हणून मोर्चा निघाला, तर मथळा येतो 'स्थानिकांचा विरोध'. गंमत बघा मंडळी! तळ राहावा म्हणणारे ते 'देश' आणि जावा म्हणणारे ते नुसते 'स्थानिक'. हा शब्दांचा खेळ मला मुळीच मान्य नाही. नकाशा शिकवताना मी वर्गात सांगायचे, देशाला तोंड नसतं, तोंड माणसांना असतं. तेव्हा "जपान म्हणतो" असं वाचलं की आधी विचारावं, जपानातलं कोण?

आधी जर्मनीचं बघू. २०२० च्या जुलैत ट्रम्प सरकारने तिथले सुमारे १२ हजार सैनिक हलवायचं जाहीर केलं. बर्लिनमध्ये नाराजी झालीच, पण ज्या चार राज्यांत हे तळ होते त्यांच्या मुख्यमंत्र्यांनी थेट अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांना पत्र लिहिलं की हे थांबवा. तळाभोवतीच्या गावांची दुकानं, भाड्याची घरं, नोकऱ्या सगळं त्यावर अवलंबून. काँग्रेसने त्या बेतात अडथळे घातले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडन यांनी तो थांबवला. त्या पत्राने किती फरक पडला कोण जाणे, पण 'स्थानिकांचा हट्ट' म्हणून त्याला कुणी हिणवलं नाही.

आता ओकिनावाकडे या. जपानच्या एकूण जमिनीपैकी या प्रांताच्या वाट्याला जेमतेम ०.६ टक्के जमीन, पण जपानात केवळ अमेरिकन सैन्यासाठी राखलेल्या जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा तिथे! १९९५ मध्ये तीन अमेरिकन सैनिकांनी तिथल्या १२ वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन तिच्यावर बलात्कार केला. सुमारे ८५ हजार माणसं निषेधाला जमली. मग १९९६ मध्ये दोन्ही सरकारांनी कबूल केलं की भर वस्तीतला फुतेन्मा तळ पाच ते सात वर्षांत परत देऊ. पण अट अशी, की बदल्यात दुसरी जागा हवी. आणि ती जागा कुठे? त्याच बेटावर, हेनोको इथे, समुद्रात भराव घालून! याला परत देणं म्हणायचं की एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालणं?

पंचवीस वर्षांहून जास्त काळ उलटला, फुतेन्मा अजून तिथेच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये हेलिकॉप्टरची खिडकी निखळून शेजारच्या प्राथमिक शाळेच्या मैदानावर पडली. मुलांचा खेळाचा तास चालू होता हो! मी जन्मभर मुलांना मैदानावर सोडलं आहे, त्यामुळे ही बातमी मला 'संरक्षण धोरण' या सदरात ठेवता येत नाही.

लोकांनी कायद्याची वाट सोडली असंही नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सार्वमत झालं, सुमारे ७२ टक्के मतं भरावाच्या विरुद्ध पडली. काम चालूच राहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये निवडून आलेल्या गव्हर्नरांनी आराखड्याच्या बदलाला मंजुरी द्यायला नकार दिला, तर टोकियोतल्या मंत्र्याने त्यांच्या जागी स्वतःच मंजुरी देऊन टाकली.

"अहो, पण त्यांना पैसा मिळतो की!" हे उत्तर तयारच असतं. १९७२ मध्ये ओकिनावा जपानकडे परत आलं तेव्हा प्रांताच्या उत्पन्नात तळांचा वाटा सुमारे १५ टक्के होता, पुढे तो पाच-सहा टक्क्यांवर आला. आणि तळ एवढा लाभाचा, तर बाकीचा जपान त्यासाठी रांग का लावत नाही? पंतप्रधान हातोयामांनी २००९ मध्ये तळ ओकिनावाबाहेर नेण्याचं वचन दिलं. तोकुनोशिमा बेटाचं नाव निघताच तिथल्या हजारो लोकांनी सभा भरवून नकार दिला. शेवटी पुन्हा हेनोकोच ठरलं आणि जून २०१० मध्ये हातोयामांनी राजीनामा दिला. सुरक्षा सगळ्यांना हवी, पण पहारेकऱ्याची खाट शेजाऱ्याच्या अंगणात!

दुसरा आक्षेप फिलिपिन्सचा. १६ सप्टेंबर १९९१ ला तिथल्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी सुबिक तळाचा नवा करार फेटाळला आणि १९९२ अखेर अमेरिकन निघून गेले. १९९५ मध्ये चीनने मिस्चीफ रीफवर बांधकाम केलं. तेव्हापासून जाणकार म्हणतात, "बघा, पस्तावले!" धोका खरा आहे, मी नाकारत नाही. म्हणून तर २०१४ मध्ये नवा करार झाला आणि २०२३ पर्यंत अमेरिकनांना नऊ ठिकाणं वापरायला मिळाली. पण कशी? फिलिपिन्सच्याच लष्करी जागांत, कायमचा तळ न करता. म्हणजे जो एकदा 'नाही' म्हणू शकला, त्याला पुढचं 'हो' आपल्या अटींवर म्हणता आलं. ओकिनावाला ते 'नाही' म्हणायची सोयच ठेवलेली नाही.

माझं म्हणणं तळ असावेत की नसावेत हे नाही. ते ठरवायला मी कोण? म्हणणं एवढंच, की तारेच्या कुंपणाला लागून राहणाऱ्याचं मत, तो 'राहा' म्हणो की 'जा' म्हणो, एकाच तराजूत तोला. जर्मन गावाचं ऐकायचं आणि ओकिनावाला भावनिक म्हणून गप्प बसवायचं, ही मैत्री नव्हे, सोय झाली.

असो. कुणाला पटलं नसेल तर जरूर लिहा. भाचेमंडळींनी फोनवर वाद घालू नये, इथेच घालावा. वाद घालायला मला वेळच वेळ आहे.