शेवटचा नंबर

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हे मराठीतच सांगावंसं वाटलं.

आपली बास्केटबॉल टीम सलग दोन वर्षं पहिलीच मॅच हरून परत आली. मी त्याच टीममध्ये आहे, म्हणजे हरण्यात माझाही वाटा आहेच! आता मेसमध्ये चर्चा सुरू आहे, "यंदा टीम पाठवूच नका, तो पैसा क्रिकेटला द्या." खरं सांगतो, मलाही ते पटायला लागलं होतं.

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत दिग्रसला घरी होतो. प्रो कबड्डीची फायनल आबाजींसोबत पाहिली. पुणेरी पलटण दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. मी वैतागून टीव्ही बंद केला आणि ओघात आमच्या टीमचंही रडगाणं गायलं. आबाजी म्हणाले, "एका सालची पऱ्हाटी जळली म्हणून वावर इकते का कोनी?"

मग मी पुणेरी पलटणचा सगळा इतिहास काढून बसलो. २०१४ च्या पहिल्या सीझनला आठ टीम होत्या, पलटण आठवी! २०१५ लाही शेवटचीच. त्याच काळात यू मुंबा पहिले तिन्ही सीझन फायनलला पोचली आणि २०१५ ला जिंकलीसुद्धा. तेव्हा कोणी पुण्यावर पैज लावली असती, तर हसलो असतो. पण २०१६ नंतर यू मुंबाला एकदाही फायनल दिसली नाही.

पुण्याचं काय झालं? २०२१-२२ च्या सीझनला राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठी नावं संघात होती. तरी आपल्या महाराष्ट्राचा अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नव्या पोरांना मॅटवर उतरवलं आणि पुढेही सांभाळलं. २०२२ ला फायनल हरले, जयपूरकडून, २९-३३. तरी पोरं तीच ठेवली. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ ने हरवून पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली. कॅप्टन होता अस्लम!

कोणी म्हणेल, त्यांच्याकडे पैसा होता. बरोबर. त्या सीझनला इराणच्या शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं होतं. पुढच्याच सीझनला तो हरियाणाकडे गेला, हरियाणा चॅम्पियन झाली आणि पलटण प्लेऑफमध्येही पोचली नाही. पण एका वर्षात ती पुन्हा फायनलला होती. विकत घेतलेला माणूस निघून गेला, घडवलेली पोरं राहिली.

याची दुसरी बाजूही आहे. २०१५ ला यूबीए नावाची बास्केटबॉल लीग निघाली होती, त्यात पुण्याची टीमसुद्धा होती. २०१७ नंतर ती लीगच झाली नाही. हरलेली टीम कधीतरी जिंकते, बंद पडलेली टीम मात्र हरतसुद्धा नाही.

असो. आमच्या टीममध्ये यंदा फर्स्ट इयरची चार पोरं आली आहेत. सकाळी सहाला कोर्टवर येतात, त्यांचा अजून एकही सामना झालेला नाही. आमच्या हरण्याची शिक्षा त्यांना कशाला? क्रीडा विभागाच्या सरांना एवढीच विनंती, यंदा टीम पाठवा. हवं तर मला बेंचवर बसवा, पण त्यांना खेळवा. आणि हॉस्टेलवाल्यांनो, हसायला का होईना, मॅचला या!